सोय कुणाची, झळ कुणाला? : पर्यटनाच्या गावातले दारूचे निर्बंध

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ या ग्रंथालयाची ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी शिकले आणि पुढे त्यांच्याच शाळेत शिकवलं. वर्गात पेंगणाऱ्या पोराला ते छडी मारत नसत. त्याच्या घरी रात्री काय झालं असेल, याचा त्यांना अंदाज असे. संध्याकाळी ते त्या घरी जात आणि पोराच्या बापाशी ओटीवर बसून बोलत. त्यामुळे दारू हा विषय या व्यासपीठावर आणताना मला संकोच वाटत नाही.

विषय मात्र दारूच्या चांगल्या-वाईटाचा नाही. आपला सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ल्यात घराघरांत निवास-न्याहरीच्या खोल्या झाल्या. निवृत्त झाल्यावर आम्हीही मागच्या पडवीत पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. पाहुणा येतो, समुद्र बघतो, सोलकढी पितो, आणि दिवेलागणीला माझ्या यजमानांना बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतो, "दादा, इथे सोय होईल का?" हा प्रश्न किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. तो मला कधी कुणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी खोली झाडायला मात्र मीच जाते. माझं आजचं बोलणं त्या दुसऱ्या दिवसाच्या बाजूने आहे.

पर्यटनाच्या गावात दारूवर निर्बंध आणायचं म्हटलं की दोन आवाज उठतात. एक म्हणतो, बंद कराल तर पर्यटक पुढे गोव्याला निघून जाईल, आपण उपाशी मरू. दुसरा म्हणतो, दारूवर पोसलेलं पर्यटन आम्हाला नकोच. दोघांच्याही डोळ्यांसमोर फक्त पर्यटक असतो; एकाला तो हवा असतो, दुसऱ्याला नको. मला वेगळंच विचारायचं आहे. निर्बंध आला की त्याचं ओझं प्रत्यक्षात कुणाच्या पाठीवर पडतं? त्या पर्यटकाच्या, की तिथे राहणाऱ्या माणसाच्या?

केरळचं उदाहरण जरा सविस्तर घेते, कारण तिथे निर्बंध आले, तीन वर्षं राहिले आणि सैल झाले, आणि त्या काळातले पर्यटकांचे आकडे सरकारनेच प्रसिद्ध केले आहेत. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओम्मन चंडी यांच्या सरकारने दर्जा नसल्याचं कारण देऊन ४१८ बारांचे परवाने पुढे चालू ठेवायला नकार दिला. ऑगस्टमध्ये उरलेले ३१२ बारही बंद करायचं ठरलं. मुभा राहिली ती पंचतारांकित हॉटेलांना. केरळात दारूची किरकोळ विक्री प्रामुख्याने सरकारी महामंडळामार्फत, म्हणजे लोकांच्या भाषेत बेवकोच्या दुकानांतून होते. त्यांतली दहा टक्के दुकानं दर २ ऑक्टोबरला बंद करत जायची आणि दहा वर्षांत राज्य कोरडं करायचं, असं धोरण जाहीर झालं. बारमालक सर्वोच्च न्यायालयात गेले. २९ डिसेंबर २०१५ ला न्यायालयाने सरकारचं धोरण उचलून धरलं. दारूचा धंदा करणं हा मूलभूत हक्क नाही, हे तर सांगितलंच. पण पर्यटनासाठी पंचतारांकित हॉटेलांना वेगळं ठेवण्यातही न्यायालयाला काही गैर दिसलं नाही.

तेव्हा हॉटेलवाल्यांनी मोठा आकांत केला होता. कोवळमला कोण येणार, अलेप्पीच्या हाउसबोटी ओस पडणार, परिषदा घेणाऱ्या कंपन्या श्रीलंकेला जाणार, असं ते सांगत होते. परिषदांच्या बाबतीत तक्रारीत तथ्य असेलही. दोनशे-तीनशे माणसांची परिषद ठरवणारी कंपनी संध्याकाळच्या मेजवानीचा विचार करतेच. पण एकूण पर्यटक? २०१४ साली केरळात ९ लाख २३ हजार परदेशी पर्यटक आले. २०१५ मध्ये ९ लाख ७७ हजार, २०१६ मध्ये १० लाख ३८ हजार. देशी पर्यटक याच काळात १ कोटी १७ लाखांवरून १ कोटी ३२ लाखांवर गेले. निर्बंध नसते तर ते याहून जास्त आले असते का, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण ओस पडण्याची भीती खरी ठरली नाही, एवढं या आकड्यांवरून नक्की म्हणता येतं.

असं का झालं? कारण पर्यटकाला ती बंदी फारशी लागलीच नाही. ज्याच्या खिशात पैसा होता तो पंचतारांकित हॉटेलात उतरला. ज्याच्याकडे तेवढा नव्हता त्याच्यासाठी बिअर आणि वाईनचे पार्लर उघडे होते. बंद पडलेल्या अनेक बारांनी तेच परवाने घेतले. ताडीची दुकानं चालूच राहिली, आणि करीमीन मासा व कप्पा, म्हणजे टॅपिओका, खायला पर्यटक तिथे आधीपासून जात होतेच. कोवळम आणि वर्कलाच्या साध्या खानावळींत परवान्याशिवाय बिअर किटलीतून आणि मगातून दिली जाते, हे प्रवासवर्णनं वाचणाऱ्यांना जुनंच माहीत आहे. हाउसबोटीवर पाहुणा आपली बाटली आपण घेऊन चढतो. म्हणजे पर्यटकाची सोय झाली. कधी महाग झाली, कधी चोरून झाली, पण झाली.

झळ लागली ती दुसरीकडे. बारमध्ये काम करणारे हजारो वाढपी, स्वयंपाकी, बशा धुणारे बेकार झाले. दिवसभर राबून संध्याकाळी बारमध्ये दोन पेग घेऊन घरी जाणारा मजूर बेवकोच्या रांगेत उभा राहू लागला. बारमध्ये पेग मिळतो. दुकानात बाटली घ्यावी लागते. ती बाटली दोघा-तिघांत वाटून रस्त्याकडेला संपवायची, नाहीतर घरी न्यायची. घरी नेलेली बाटली घरातच संपते, आणि ती संपताना बायको-मुलं समोर असतात. कडक दारूचा खप या काळात घटला हे खरं आहे, आणि धोरणाच्या बाजूने ते मान्य केलंच पाहिजे. बिअर आणि वाईनचा मात्र वाढला. बेवकोच्या दुकानांपुढल्या रांगा पुढेही कमी झाल्या नाहीत. दुकानासमोर माणसं अशी ताटकळत ठेवण्याबद्दल केरळ उच्च न्यायालयाला २०२१ मध्ये सरकारला सुनवावं लागलं. पिणारा झाला म्हणून त्याची माणूस म्हणून असलेली प्रतिष्ठा संपत नाही, हे मला या रांगा पाहिल्यावर तीव्रतेने जाणवलं.

२०१६ मध्ये सत्ता बदलली. पिनराई विजयन यांच्या सरकारने १ जुलै २०१७ पासून तीन आणि चार तारांकित हॉटेलांना पुन्हा परवाने दिले आणि दारू पिण्याचं किमान वय २१ वरून २३ केलं. नव्या धोरणाची कारणं सांगताना पर्यटनाचं नाव पुढे केलं गेलं. बंदी आणताना पंचतारांकितांना सूट देण्याचं कारण पर्यटन, आणि बंदी सैल करण्याचंही कारण पर्यटन. रांगेतल्या मजुराचं आणि त्याच्या बायकोचं नाव या दोन्ही वेळी मागेच राहिलं. माझी तक्रार नेमकी हीच आहे.

आता आपल्या अंगणात येऊ.

१५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांच्या कडेची दारूविक्री बंद करण्याचा आदेश दिला. दारू पिऊन गाडी चालवण्याने रस्त्यावर माणसं मरतात, त्यांना वाचवायचं हा हेतू होता, आणि त्याला विरोध करण्याचं कुणालाही कारण नव्हतं. १ एप्रिल २०१७ पासून महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दुकान नको, बार नको. २० हजार किंवा त्याहून कमी वस्तीच्या गावांत हे अंतर २२० मीटर. त्या एप्रिलमध्ये कणकवली-कुडाळकडच्या महामार्गालगतच्या परमिट रूमची शटरं खाली आलेली आपण सगळ्यांनी पाहिली. गोव्यात तीन हजारांच्या आसपास परवाने एका फटक्यात अडचणीत आले.

पण कोणते परवाने? गोव्यातले शॅक, म्हणजे किनाऱ्यावरच्या खाण्यापिण्याच्या झोपड्या, समुद्राच्या वाळूत, महामार्गापासून दूर. त्यांना काही झालं नाही. सुट्टीला आलेला माणूस जिथे प्यायला बसतो ती जागा तशीच राहिली. बंद पडली ती रस्त्याकडेची तावेर्न. घराच्या पुढच्या खोलीत चार बाकडी टाकून चालवलेलं दुकान, दुपारी गावातले म्हातारे येऊन बसायचे, एखादी विधवा बाई गल्ल्यावर. या लोकांना ५०० मीटर आत नवी जागा घेणं परवडणारं नव्हतं. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी वाटा काढल्या. केरळात परवूरला एका बारने अंगणात भिंती उभारून चक्रव्यूहासारखी वाट केली. चालत जायचं अंतर वाढलं, नियम पाळला गेला, बार जागच्या जागी राहिला. राज्यांनीही वाटा काढल्या. महाराष्ट्रासह अनेकांनी शहरातून जाणारे महामार्ग कागदावर महामार्ग राहू दिले नाहीत. ११ जुलै २०१७ ला न्यायालयाने पालिकांच्या हद्दीतल्या दुकानांना हा आदेश लागू नसल्याचं स्पष्ट केलं, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत ग्रामपंचायतींच्या भागाबद्दलचा निर्णय राज्यांवर सोपवला. तोवर लहान माणसांचं जे मोडायचं ते मोडलं होतं. आणि पिऊन चाकामागे बसलेल्या माणसाला रात्रीच्या रस्त्यावर थांबवून तपासणारी यंत्रणा, जी खरोखर जीव वाचवते, ती या सगळ्या धावपळीत एका पोलिसाने वाढली का? माझ्या पाहण्यात तरी नाही.

आपण गोव्याच्या सीमेवर राहतो, म्हणून आपल्याला हा विषय इतरांहून जास्त कळायला हवा. बांद्यापलीकडे पाऊल टाकलं की कायदा बदलतो. गोव्यात पिण्याचं किमान वय १८. आपल्याकडे बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५. महाराष्ट्रात कायद्याचं नावच दारूबंदी अधिनियम. तो १९४९ चा, मुंबई राज्याच्या काळातला. १९६० ला राज्य विभागलं तेव्हा हाच कायदा गुजरातेतही गेला आणि तिथे त्याने पूर्ण दारूबंदीचं रूप घेतलं. आपल्याकडे परवाना पद्धतीचं. कायद्याच्या कागदावर आजही महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू पिता येत नाही. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना ५ रुपयांना, देशीचा २ रुपयांना मिळतो. ३१ डिसेंबर जवळ आला की हे परवाने गठ्ठ्यांनी खपतात. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या किती पाहुण्यांना हे ठाऊक असतं? गोव्यातून परतताना स्वस्त म्हणून दोन बाटल्या पिशवीत टाकणाऱ्या कुटुंबाला इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाडी थांबली की कळतं, आपण गुन्हा करतो आहोत. 'गोवा बनावटीची दारू जप्त' ही बातमी आपल्या वर्तमानपत्रांत पंचांगाइतकी नेमाने येते. वारंवार तस्करी करणाऱ्यांवर मोक्का लावण्याची घोषणाही २०२२ साली मंत्रिपातळीवरून झाली. तस्करी मोठ्या गाड्यांतून, मोठ्या माणसांच्या पैशावर चालते. पण बातमीतलं नाव बहुतेक वेळा पंचविशीतल्या चालकाचं असतं, आणि तो आपल्याच एखाद्या वाडीतला असतो. शाळेत माझ्यासमोर बसलेली नावं मी त्या बातम्यांत वाचली आहेत. वाचून रात्री झोप येत नाही.

इथे थोडं विषयाबाहेर जाते. काजूचं झाड सीमा ओळखत नाही. पेडणे-सत्तरीतल्या बोंडूचा रस भट्टीवर जातो, त्याचं उर्राक होतं, फेणी होते. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा-पेय ठरवलं. दोडामार्ग-सावंतवाडीतला तोच बोंडू झाडाखाली कुजतो, किंवा टेम्पोतून गोव्याच्या भट्टीवर जातो. आमच्या शेतकऱ्याला बी विकावी लागते आणि फळ फेकावं लागतं. फेणी काढावी की नाही यावर मतभेद असू शकतात. माझ्या घरातच आहेत. पण पर्यटकाला कारखान्यातली विदेशी दारू विकायला परवाना मिळतो आणि शेतकऱ्याचं फळ मात्र वाया जातं, हा अन्याय आहे.

पर्यटकाला एक कायदा आणि रहिवाशाला दुसरा, हा प्रकार बेटांवर सगळ्यांत उघड दिसतो. लक्षद्वीपमध्ये वस्ती असलेल्या बेटांवर दारूबंदी आणि बंगारम या वस्ती नसलेल्या बेटावर पर्यटकांसाठी मुभा, अशी रीत वर्षानुवर्षं होती. २०२१ मध्ये वस्तीच्या बेटांवरही पर्यटनासाठी परवाने द्यायचा विचार प्रशासनाने पुढे आणला, तेव्हा बेटांवरच्या लोकांनी कडाडून विरोध केला. मालदीवमध्ये रिसॉर्टच्या बेटांवर दारू वाहते आणि स्थानिकांच्या बेटांवर ती मिळत नाही. मग माफुशीसारख्या बेटापासून थोड्या अंतरावर नांगरलेल्या बोटीवर पर्यटकांना प्यायला नेतात. कुणी म्हणेल, हा दुटप्पीपणा आहे. मला तसं वाटत नाही. आपल्या वस्तीत काय चालावं हे तिथल्या लोकांनी ठरवलं आणि पाहुण्याला त्यापासून दूर जागा दिली, यात पाहुण्याचा अपमान नाही आणि यजमानाचाही नाही. प्रश्न एवढाच की हे खरोखर लोकांनी ठरवलं, की त्यांच्या नावाने दुसऱ्या कुणी.

हाच प्रश्न चंद्रपूर जिल्ह्याबद्दल विचारताना मला जपून बोलावं लागेल, कारण तिथली दारूबंदी वरून लादलेली नव्हती. बायकांनी ती रस्त्यावर चालून मिळवली. २०१० च्या हिवाळ्यात चिमूरहून नागपूरपर्यंत हजारो बाया पायी गेल्या. त्यांच्या पायांना आलेले फोड खरे होते आणि त्यांची मागणीही खरी होती. १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. शेजारचे वर्धा आणि गडचिरोली आधीपासून कोरडे होते. ताडोबाचं जंगल याच जिल्ह्यात. वाघ पाहायला येणारा माणूस नागपूरहून गाडीने येतो, आणि गाडीच्या डिकीत बाटली आणायला त्याला काही कष्ट पडत नाहीत. ताडोबाचं पर्यटन दारूबंदीच्या सहा वर्षांत बसलं नाही. मोहर्ली-कोलाऱ्याकडची रिसॉर्टं वाढतच गेली.

पण गावातला पिणारा? त्याच्यापर्यंत दारू जिल्ह्याच्या सीमा ओलांडून चोरून येऊ लागली, दुपटी-तिपटीच्या भावाने, आणि बाटलीत नेमकं काय आहे याची खात्री नसताना. पोरं दुचाकीवरून माल पोचवू लागली. हजारो गुन्हे नोंदले गेले. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये नागभीड भागात दारूची गाडी अडवायला उभ्या राहिलेल्या एका पोलीस उपनिरीक्षकाला त्या गाडीने चिरडलं. २०२१ च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाने बंदी उठवली. चिमूरच्या ज्या बाया चालल्या होत्या, त्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल याचा विचार केला की माझा घसा दाटतो. त्यांनी मागितलं होतं घरातली मारहाण थांबणं. जिल्हाभराची बंदी आणि नंतर जिल्हाभराची सूट, दोन्ही मुंबईत ठरलं. गडचिरोलीत १९९३ पासूनची बंदी अजून टिकून आहे. तिच्यामागे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासारख्यांचं गावोगावचं काम आहे. २०१६ पासून मुक्तिपथ अभियानातून गावाच्या संघटना स्वतः विक्रीवर नजर ठेवतात. तिथेही चोरटी दारू आहे. पण बंदी पोलिसांची की आपली, असं विचारलं तर तिथल्या पुष्कळ गावांतल्या बाया 'आपली' म्हणतील.

आता ज्या निर्बंधांनी मला आशा वाटते त्यांच्याकडे येते. यांचा भार पर्यटकावर पडतो आणि दिलासा गावाला मिळतो.

२०१९ मध्ये गोव्याने पर्यटन स्थळांच्या संरक्षणाचा आपला २००१ चा कायदा दुरुस्त केला. समुद्रकिनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणं, बाटल्या फोडणं, उघड्यावर स्वयंपाक करणं यांना तेव्हा दंड ठरवला: एकट्याला २ हजार, टोळक्याला १० हजार रुपये. पिण्याला बंदी नाही. शॅकमध्ये बसा, हॉटेलात बसा. वाळू मात्र सगळ्यांची आहे, तिथे नाही. ज्यांनी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली आहे त्यांना याचं मोल सांगावं लागत नाही. पहाटे अनवाणी पायांनी, पाठीला दोर लावून, पंधरा-वीस माणसं एका तालात वाळूवर मागे सरतात. मागे पाहत नाहीत, पाहता येत नाही. त्या वाळूत रात्रीच्या फुटक्या बाटलीची काच असेल तर ती कुणाच्या पायात जाईल? ती फोडणारा तर तोवर पुण्याच्या वाटेला लागलेला असतो. जीवरक्षकांचाही विचार करा. दारू प्यायलेला माणूस पाण्यात उतरणं हे बुडण्याचं जगभर मान्य झालेलं कारण आहे, आणि त्याला वाचवायला आपला जीव घालतो तो गावातला पोरगा.

स्पेनच्या बालेआरिक बेटांनी २०२० मध्ये असाच मार्ग धरला. मॅगालुफ आणि पाल्माच्या किनाऱ्यासारख्या मोजक्या भागांत एकावर एक फुकट पेय देणाऱ्या योजना, बारामागून बार हिंडवणाऱ्या सहली बंद केल्या. सगळं खाणं-पिणं आधीच दामात धरलेल्या पॅकेजमध्ये दिवसाला सहाच पेयं, तीन दुपारच्या आणि तीन रात्रीच्या जेवणासोबत. गॅलरीतून पोहण्याच्या तलावात उड्या मारणाऱ्यांना दंड. रात्री साडेनऊपासून सकाळी आठपर्यंत दुकानांतली दारूविक्री थांबवली, आणि २०२४ मध्ये रस्त्यावर पिण्याला ५०० ते १५०० युरो दंड ठरवला. हे सगळं मोजक्या भागांपुरतं आणि ठराविक वेळेपुरतं. साडेनऊनंतर कुणाला प्यायचं असेल तर बार उघडे आहेतच. तिथल्या रहिवाशांचा पर्यटनाविरुद्धचा राग या नियमांनी संपला नाही. त्या रागाला घरभाड्याची आणि गर्दीचीही कारणं आहेत. पण रात्री झोप मिळावी ही मागणी सरकारने ऐकली.

आपल्याकडेही असं काही आहेच. गडकिल्ल्यांवर दारू पिणाऱ्यांवर दारूबंदी कायद्याखाली कठोर कारवाई करण्याचे आदेश २०२० मध्ये निघाले. त्याच्या कितीतरी आधीपासून ३१ डिसेंबरच्या रात्री गडावर पहारा देणारी तरुण पोरं आहेत. घरी सगळे मजा करत असताना ती थंडीत शेकोटीशी बसतात आणि येणाऱ्याला हात जोडून परत पाठवतात. या पोरांचा मला अभिमान वाटतो. आणि गावाच्या हाती एक मोठं साधन आहे, २००८ च्या आदेशाने मिळालेलं. गावातल्या एक चतुर्थांश महिलांनी मागणी केली की दारूच्या दुकानावर गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. सही करता न येणाऱ्या बाईलाही हे चित्र कळतं. मात्र हे दुकानापुरतं झालं. किनाऱ्यावर, होड्यांवर, आमच्या निवास-न्याहरीच्या खोल्यांत काय चालावं, याचं मतदान अजून कुणी घेतलेलं नाही.

पाहुण्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगते, नाहीतर माझं बोलणं एकांगी होईल. वर्षभर नोकरीत पिळून निघालेलं जोडपं चार दिवस समुद्रावर येतं आणि जेवणाआधी एखादा ग्लास घेतं, यात मला गुन्हा दिसत नाही. त्यांना त्रास होतो तो नियमांच्या गुंत्याचा. पिण्याचं वय गोव्यात १८, इथे २१ किंवा २५, केरळात २३. गुजरातेत बाहेरच्याला वेगळा परवाना. मतदानाआधीचे ४८ तास कोरडे. कधी अचानक कोरडा दिवस. नियम ठाऊक नसलेल्या माणसाला दडपून पैसे उकळणं सोपं जातं. पाहुण्याला दारात शिरतानाच साध्या मराठीत, हिंदीत, कन्नडमध्ये लिहिलेला एक कागद द्यावा: इथे काय चालतं, किती वाजेपर्यंत, कुठे चालत नाही, आणि का. आम्ही आमच्या घरी तो लावला आहे. त्यावर सगळ्यांत वर लिहिलं आहे: पिऊन पाण्यात उतरू नये. बहुतेक पाहुणे तो वाचतात आणि पाळतात. जे पाळत नाहीत त्यांना पुढच्या वेळी खोली मिळत नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. माणसावर घातलेली सरसकट बंदी पर्यटकाला चुकवता येते आणि ती गरिबाच्या मानेवर येऊन बसते. जागेवर, वेळेवर आणि वागणुकीवर घातलेला निर्बंध पर्यटकाला चुकवता येत नाही. तो कुठे आणि किती घालायचा हे मंत्रालयाने ठरवू नये, हॉटेलमालकांच्या संघटनेनेही नाही. रापण ओढणाऱ्याने, जीवरक्षकाने, खोली झाडणाऱ्या बाईने ठरवावं.

पावसाळा सरला की आपला हंगाम सुरू होतो. त्याच सुमारास २ ऑक्टोबरची ग्रामसभा असते. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाने यंदा त्या सभेत हा विषय घ्यावा, अशी माझी विनंती आहे. ग्रामसभेआधी होणाऱ्या महिलांच्या सभेत तो आधी मांडा. वाळूत बाटली नको, रात्री दहानंतर कर्णा नको, प्यायलेल्याला होडीत चढवायचं नाही, एवढे तीन ठराव लिहून घ्या, खाली सह्या-अंगठे घ्या, आणि ते किनाऱ्यावर शिरण्याच्या वाटेवर फलकावर लावा. फलक रंगवायचा खर्च या ग्रंथालयाने उचलायचं विश्वस्तांनी मला आजच कबूल केलं आहे. आपल्या गावाचं नाव ग्रंथालयाच्या कार्यवाहांकडे नोंदवून मगच घरी जा.